निकोडेमस, कॅन्सस : चौदा लोकवस्तीच्या गावाचा हिशेब

धागाकर्ता : कोरडवाहू

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीमध्ये, चोवीस क्रमांकाच्या महामार्गाला लागून निकोडेमस हे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ५९ होती आणि २०२० मध्ये ती १४ नोंदली गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक लेखक लगेच ‘मरणपंथाला लागलेले गाव’ असा मथळा देऊन मोकळे होतात. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी तिथे गेलो, तेव्हा माझ्याही डोक्यात तोच मथळा होता. आता मात्र मला वाटते की, या गावाची लोकसंख्या सांगताना आपण गावठाण मोजतो की शिवार, हे आधी ठरवल्याशिवाय कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

थोडा इतिहास. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना संरक्षण देणारे केंद्रीय सैन्य १८७७ मध्ये मागे घेतले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅन्ससमध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. तिचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते. डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाहून आलेला जमिनीचा व्यवसाय करणारा गोरा गृहस्थ तिचा खजिनदार होता, आणि बाकी सर्व संचालक कृष्णवर्णीय होते. केंटकी राज्यात पत्रके वाटली गेली. सॉलोमन नदीच्या खोऱ्यातील सुपीक जमीन, पाच डॉलर शुल्क आणि स्वतःच्या मालकीचे घर, असा त्या पत्रकांचा सूर होता. जुलैमध्ये टोपेकाहून तीसेक माणसांची पहिली तुकडी आली आणि सप्टेंबरमध्ये केंटकीच्या लेक्सिंग्टन परिसरातून तीनशेच्या वर माणसे आली.

ती आली तेव्हा तिथे गाव नव्हते. सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक एलिस सुमारे पस्तीस मैलांवर होते आणि तिथून पुढे दोन दिवसांची गाडीवाट होती. सप्टेंबरचा शेवट म्हणजे पेरणी उलटून गेलेली, आणि घर बांधायला झाड म्हणावे असे झाड नदीकाठ सोडला तर कुठेही नाही. पत्रके वाचून आलेल्यांपैकी पन्नास-साठ कुटुंबे तशीच परत फिरली. संतापलेल्या लोकांच्या हाती लागू नये म्हणून हिलला लपून बसावे लागले, असेही सांगितले जाते. गंमत अशी की, त्याच काउंटीचे आजचे मुख्यालय असलेल्या हिल सिटी या शहराला याच हिलचे नाव आहे.

जे राहिले त्यांनी जमीन खोदली. उताराच्या अंगाला खड्डा घ्यायचा, समोरची बाजू मातीच्या ढेपांनी बंद करायची, वर फांद्या, गवत आणि पुन्हा माती टाकायची, आणि एका कोपऱ्यातून धुराडे काढायचे, अशी ती घरे होती. १८७८ च्या वसंतात केंटकीहून नवऱ्याबरोबर आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. एलिसला मुक्काम असतानाच त्यांच्या तुकडीत गोवराची साथ येऊन काही मुले दगावली होती. पुढच्या प्रवासात कुणीतरी ‘ते पाहा निकोडेमस’ असे ओरडले. बाईंनी सगळीकडे पाहिले, पण त्यांना काहीच दिसेना. तेव्हा नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. ते पाहून आपल्याला रडू फुटले, असे त्यांनी सांगितले आहे. याच बाईंचे पती, रेव्हरंड डॅनियल हिकमन, यांनी तिथे चर्चची मंडळी उभी केली.

आता आकड्यांकडे वळतो. १८८० च्या जनगणनेत गाव आणि टाउनशिप मिळून २५८ कृष्णवर्णीय आणि ५८ गोरे होते. इथे टाउनशिप हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकी भूमापनात सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनाला टाउनशिप म्हणतात. त्याचे ३६ सेक्शन होतात, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा असतो आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकरांचा असतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला जास्तीत जास्त एवढीच जमीन मिळे. अट अशी होती की, पाच वर्षे त्या जमिनीवर प्रत्यक्ष राहून ती कसली पाहिजे. म्हणजे शेतकरी गावठाणात राहूच शकत नव्हता. त्याला आपल्या चौथ्या हिश्श्यात जाऊन राहणे भाग होते. गावठाणात उरत ते दुकानदार, हॉटेलवाले, शिक्षक, धर्मोपदेशक आणि वृत्तपत्रवाले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकोडेमसमध्ये दोन साप्ताहिके निघत होती, बँक होती, हॉटेले होती, चर्चेस होती, बेसबॉलचा संघ आणि बँडही होता. हा सारा डोलारा भोवतीच्या मैदानात विखुरलेल्या कुटुंबांच्या जोरावर उभा होता.

१८८७ मध्ये टाउनशिपने रेल्वे आणण्यासाठी सोळा हजार डॉलरच्या रोख्यांना मतदानाने मंजुरी दिली. मिसुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीची वाट पाहिली गेली, पण ती आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीने आपला मार्ग नदीच्या पलीकडून, पाच-सहा मैलांवरून नेला. त्या मार्गावर बोग हे गाव वसले आणि निकोडेमसचे दुकानदार बिऱ्हाड हलवून तिकडे गेले. निकोडेमसचे पोस्ट १९५३ मध्ये बंद झाले, आणि त्याच सुमारास गावात जेमतेम सोळा माणसे उरल्याची नोंद आढळते.

मी गेलो त्या दिवशी टाउनशिप हॉलच्या चुनखडीच्या भिंतीला टेकून एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ‘इथे किती लोक राहतात?’ असे मी विचारले. त्यांनी मलाच उलट विचारले, ‘आज, की शेवटच्या शनिवारी?’

मोजपट्टी

लेख आवडला. मात्र १४ या आकड्याविषयी एक तांत्रिक सूचना करणे आवश्यक वाटते. २०२० च्या जनगणनेत अमेरिकी जनगणना विभागाने वैयक्तिक माहिती गुप्त राहावी म्हणून लहान भूभागांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडी सरमिसळ केलेली आहे. राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवलेली आहे; परंतु जसजसे खाली गाव आणि गल्लीपर्यंत जावे, तसतसा आकडा खऱ्या मोजणीपासून थोडा इकडेतिकडे सरकू शकतो. लाखभर वस्तीच्या शहरात पाच-दहाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण चौदा माणसांच्या गावात तेवढ्याच फरकाने चित्र पालटते. शिवाय निकोडेमसला नगरपालिका नाही. अशा वस्तीची हद्द जनगणना विभाग केवळ मोजणीच्या सोयीसाठी आखतो आणि ती दर दहा वर्षांनी तीच राहील असे नाही. म्हणून ५९ वरून १४ ही घसरण ‘दहा वर्षांत तीन चतुर्थांश गाव उठून गेले’ अशी वाचू नये.

काउंटीचे आकडे अधिक भरवशाचे असतात, म्हणून ते देतो. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या १८८० मध्ये ४,२५८ होती, १९१० मध्ये ८,७०० झाली आणि तिथून उतरत २०२० मध्ये २,४१५ वर आली. काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे नऊशे चौरस मैल आहे, म्हणजे आज चौरस मैलामागे तीन माणसेही नाहीत. १८९० च्या जनगणनेने चौरस मैलामागे दोनपेक्षा कमी माणसे असलेला मुलूख ‘वस्ती नसलेला’ मानला होता. त्या जुन्या मापाने ग्रॅहम काउंटी आज जेमतेम वस्तीच्या बाजूला आहे.

कोरडवाहू

मनापासून आभार. सरमिसळीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. लेखातील १४ हा आकडा आता ‘सुमारे’ हा शब्द लावूनच वाचावा. काउंटीच्या आकड्यांत एक गोष्ट ठळकपणे दिसते. रेल्वे दुसरीकडून गेली १८८८ मध्ये, आणि काउंटीची लोकसंख्या त्यानंतरही बावीस वर्षे वाढतच राहिली.

रूळवाट

नेमक्या याच मुद्द्यावर मला हरकत घ्यायची आहे. काउंटी वाढली ती रेल्वेमुळेच वाढली, आणि निकोडेमस खचले ते रेल्वे न मिळाल्यामुळे. ज्या काळात गव्हाची गाडी घोड्यांनी ओढून न्यावी लागे, त्या काळात स्थानक पाच मैलांवर असणे आणि दारात असणे यांत मोठा फरक होता. धान्य घेऊन आलेला शेतकरी परत जाताना कापड, रॉकेल आणि खिळे स्थानकाजवळूनच घेणार. दुकान पेठेच्या मागे जाते आणि पेठ रुळांच्या मागे. सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर करणाऱ्या त्या टाउनशिपला हे पक्के कळलेले होते. ज्यांच्या आईबापांना दोन दशकांपूर्वी बाजारात विकता येत असे, त्यांनी रेल्वे कंपनीशी करार करण्यासाठी मतदान करावे, ही गोष्टच केवढी मोठी आहे!

कोरडवाहू

दुकानदार रेल्वेमुळे गेले, हे मला मान्य आहे. पण शेतकरी कशामुळे गेले? रेल्वे हेच पूर्ण उत्तर असते, तर ज्या बोगला रेल्वे मिळाली ते आज भरभराटीला आलेले असायला हवे होते. बोगची वस्ती आज दीडशेच्या आसपास आहे, आणि मुख्यालय असलेल्या हिल सिटीची चौदाशेच्या आसपास. जिंकलेले आणि हरलेले दोघेही एकाच उतारावरून घसरले, फक्त निकोडेमसने सुरुवात आधी केली.

माझ्या मते इथे दोन वेगवेगळ्या घसरणी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली १८८८ ची, गावठाणाची. ती दोन-तीन वर्षांत आटोपली. दुसरी शिवाराची, जी विसाव्या शतकात सावकाश झाली आणि तिचे कारण हवामान व यंत्र या दोहोंत आहे. निकोडेमस शंभराव्या रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला आहे. या रेषेच्या आसपास वर्षाचा पाऊस वीस इंचांवर येतो आणि त्यापुढे पश्चिमेला केवळ पावसावर शेती करणे बेभरवशाचे होते, असा इशारा भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालातच दिला होता. जमिनीचे दलाल मात्र त्या वेळी ‘नांगर पुढे गेला की पाऊस मागोमाग येतो’ असे सांगत होते. अशा मुलखात १६० एकर हा कागदावर मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात तोकडा पडतो, कारण ओल साठवण्यासाठी एक हंगाम अर्धी जमीन पडीक ठेवावी लागते. १९३० च्या दशकातील अवर्षण आणि धुळीच्या वादळांनी हे सिद्ध करून दाखवले. पुढे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आल्यावर दहा कुटुंबांची जमीन एका कुटुंबाला सहज कसता येऊ लागली. ज्याने शेजाऱ्याची जमीन घेतली तो टिकला, आणि शेजारी डेन्व्हरला किंवा कॅलिफोर्नियाला गेला.

रूळवाट

बोगचा मुद्दा बिनतोड आहे. ‘रेल्वे न मिळाल्यामुळे खचले’ हे माझे वाक्य ‘रेल्वे न मिळाल्यामुळे आधी खचले’ असे दुरुस्त करतो.

माजघर

या चर्चेत पहिल्या हिवाळ्याविषयी कुणीच काही विचारले नाही, याचे आश्चर्य वाटते. तीनशे माणसे, पेरणी नाही, लाकूड नाही, आणि बाहेर बर्फ. चुलीत काय जळत होते आणि पातेल्यात काय शिजत होते? सरकार आणि रेल्वे यांच्या गोष्टी वाचताना मला नेहमी हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा तळटीपेतही नसते.

कोरडवाहू

चुलीत गोवऱ्या जळत होत्या, अगदी शब्दशः. मैदानावर बायसनचे कळप फिरलेले होते आणि त्यांचे वाळलेले शेण गोळा करून जळण म्हणून वापरत. त्याखेरीज सूर्यफुलाची वाळलेली ताटे आणि नदीकाठच्या विलोच्या काटक्या असत. सूर्यफुलाचे ताट भर्रकन पेटते आणि भर्रकन विझते. चुलीजवळ सतत कुणीतरी बसून राहावे लागे, आणि ते कोण बसत असेल हे सांगायला नको.

पातेल्याचे उत्तर अधिक विलक्षण आहे. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ निवासी जमातीच्या लोकांनी आपल्या शिकारीतील मांस या वस्तीला दिले, असे निकोडेमसचे वंशज पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. शिवाय वस्तीतील काही जणांनी पूर्वेकडील गावांत जाऊन धान्याची मदत मागितली. याच काळात, १८७७ च्या शरदात, एमा विल्यम्स या नुकत्याच येऊन पोहोचलेल्या तरुणीला मुलगा झाला. त्याचे नाव हेन्री ठेवले. निकोडेमसमध्ये जन्मलेले ते पहिले मूल. लोकसंख्येच्या धाग्यात ही नोंद खरे तर सर्वांत वर असायला हवी होती.

सनद

ओसेज लोकांचा उल्लेख आलाच आहे, तर एक अप्रिय प्रश्न विचारतो. ही जमीन ‘मोकळी’ होती असे वाचताना आपण सहज मान डोलावतो. ती मोकळी कुणी केली? पॉनी, शायेन आणि इतर जमातींचे ते शिकारीचे मैदान होते. १८६७ मध्ये दक्षिण कॅन्ससमध्ये झालेल्या मेडिसिन लॉजच्या तहांनी शायेन, अरापाहो, कायोवा आणि कोमांची यांना तिथून हलवण्याचे ठरले, आणि त्यानंतर दहा वर्षांत निकोडेमसची पत्रके निघाली. निकोडेमसच्या लोकांवर याचा ठपका ठेवावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना तर स्वतःच्या देहावरचा हक्क नुकता मिळाला होता. पण लोकसंख्येचा हिशेब १८७७ पासून सुरू केला, तर खातेवहीचे पहिले पान फाडल्यासारखे होते.

कोरडवाहू

ही माझ्या लेखातील उणीव आहे आणि मी ती मान्य करतो. ज्यांना त्या मैदानातून हुसकावले जात होते, अशा जमातींपैकीच एकीने नव्याने आलेल्यांना मांस दिले, हे दोन्ही उल्लेख एकत्र वाचले की मन अस्वस्थ होते, आणि ते तसे व्हावेच.

आठबारा

जमिनीच्या मालकीबद्दल थोडे. मूळ लेखात माणसांची संख्या आहे, पण एकर किती राहिले हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १९२० च्या गणनेत अमेरिकेत सुमारे ९ लाख २६ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते, आणि १९८२ पर्यंत ते तेहेतीस हजारांच्या आसपास उरले. ही घसरण गोऱ्या शेतकऱ्यांच्या घसरणीपेक्षा कितीतरी तीव्र होती. दुष्काळ दोघांसाठी सारखाच पडतो; पण पेरणीच्या वेळी कर्ज कुणाला वेळेवर मिळते आणि कुणाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, यात फरक पडत गेला. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी केंद्रीय कृषी खात्याविरुद्ध लढलेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये तडजोड मंजूर झाली, ती याच भेदभावाबद्दल. निकोडेमसचे वैशिष्ट्य असे की, तिथल्या काही वंशजांकडे अजूनही जमीन आहे. माणूस शहरात, सातबारा गावात, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

कोरडवाहू

याचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हेरिल स्विट्झर. १९३२ मध्ये निकोडेमसला जन्मलेला हा मुलगा कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा नामवंत अमेरिकन फुटबॉलपटू झाला, १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले, पुढे त्याने त्याच विद्यापीठात अनेक वर्षे नोकरी केली, आणि तरीही निकोडेमसची जमीन सोडली नाही. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. जनगणनेच्या कागदावर तो दुसऱ्याच गावचा रहिवासी होता.

राजकारणातही असाच एक पाहुणा-रहिवासी होऊन गेला. एडवर्ड मॅक्केब १८७८ मध्ये निकोडेमसला आला आणि १८८२ मध्ये कॅन्ससचा राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. दक्षिणेबाहेर इतक्या मोठ्या पदावर निवडून येणारा कृष्णवर्णीय माणूस त्या काळात विरळाच. नंतर तो ओक्लाहोमात जाऊन लँगस्टन शहराच्या उभारणीत गुंतला. काही गावे माणसे राखून ठेवतात, हे गाव माणसे पुरवत राहिले.

मोजपट्टी

त्या वृद्ध गृहस्थांचा ‘शेवटचा शनिवार’ म्हणजे काय, ते अजून सांगितलेले नाही.

कोरडवाहू

खरेच राहून गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी १८३४ मध्ये १ ऑगस्टला संपली. त्याच्या स्मरणार्थ निकोडेमसमध्ये १८७८ पासून उत्सव साजरा होत आला आहे. पुढे त्याला ‘होमकमिंग’ हे नाव पडले, आणि आता तो जुलैच्या शेवटच्या आठवडाअखेरीस भरतो. देशभरातून शेकडो वंशज येतात, तंबू लागतात, मिरवणूक निघते, मोठमोठ्या शेगड्यांवर मांस भाजले जाते, आणि कोण कुणाचा नातू याची उजळणी होते. १९९६ मध्ये गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले, त्यामागेही याच विखुरलेल्या वंशजांचा रेटा होता. म्हणजे गावात चौदा माणसे असताना दिल्लीदरबारी, म्हणजे वॉशिंग्टनला, वजन मात्र शेकड्यांचे!

गिरणीवाला

पुढच्या उन्हाळ्यात विचिटाहून जायचा विचार आहे. मुक्कामाची सोय आणि पाहण्यासारखे काय, ते सांगावे. शिवाय तिकडे शेतात सध्या काय पिकते?

कोरडवाहू

मुक्काम हिल सिटी किंवा स्टॉकटन इथे करावा आणि पेट्रोल तिथेच भरून घ्यावे. निकोडेमसमध्ये पाच जुन्या इमारती आहेत : १९३९ मध्ये बांधलेला टाउनशिप हॉल, जिथे आता माहिती केंद्र आहे, १९०७ चे फर्स्ट बाप्टिस्ट चर्च, जुने एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, १९१८ ची शाळा, आणि एके काळी सेंट फ्रान्सिस हॉटेल असलेले फ्लेचर कुटुंबाचे घर. झॅकरी फ्लेचर यांची पत्नी जेनी गावातील पहिली शिक्षिका होती.

शेतात हिवाळी गहू असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तो बर्फाखाली झोपून राहतो आणि जूनच्या शेवटाला कापणीला येतो. दुसरे पीक पाहून आपल्याला गंमत वाटेल : ज्वारी. ज्वारी पिकवण्यात कॅन्सस अमेरिकेत पहिले आहे. ताट मात्र कमरेइतकेच, कारण यंत्राने कापायचे असते, आणि कणीस तांबूस, गच्च. माझ्या पत्नीने एक कणीस तळहातावर चोळून पाहिले आणि ‘हुरड्याची नव्हे’ असा निकाल देऊन टाकला.

खोदलेली घरे मात्र आता दिसत नाहीत. २००६-०७ च्या सुमारास पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी गावाबाहेरच्या एका शेतात उत्खनन करून अशा एका घराची जागा शोधली होती. उरलेल्या ठिकाणी उतारावर फक्त खोलगट जागा आहेत. तिथे भोवतीच्या गवतापेक्षा गवत जरा गर्द असते, कारण पावसाचे पाणी तेवढ्याच जागी थोडे जास्त मुरते. उन्हे तिरकी झाल्यावर, संध्याकाळी सातनंतर, जावे. दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही.